कोसमपहाडीवरचं कललेलं घर

उमाजी सुताराची जीभ त्याच्या करवतीपेक्षा लांब आहे, असं त्याची बायको रुखमाबाई चारचौघांत म्हणायची, आणि उमाजी ते हसण्यावारी न्यायचा. आरमोरीत त्याचा बैलबंडीच्या चाकांचा धंदा होता. त्याच्या हातचं चाक दहा-दहा वर्षं चिखलातून, रेतीतून, दगडधोंड्यांतून जायचं आणि कुरकुर म्हणून करायचं नाही. त्या चाकांपायीच तो पंचावन्न सालच्या होळीनंतर कोसमटोल्याला आला. आरमोरीपासून दोन दिवसांची जंगलवाट. काम आठ दिवसांचं, असं घरी सांगून निघाला होता. सहा दिवसांतच चाकं बसवून झाली. सातव्या दिवशी सकाळी परतायचं होतं, पण सहाव्या दिवशी दुपारी अख्खं गाव पहाडीवर चाललेलं दिसलं, म्हणून तोही निघाला. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

गावाच्या मागे कोसमपहाडी, आणि पहाडीच्या खांद्यावर जमीनदाराचं जुनं घर. उन्हाळ्यात वारा लागावा म्हणून भोसल्यांच्या राज्यात ते बांधलं, असं म्हणत. कोणी शंभर वर्षं सांगे, कोणी दीडशे. सागाचे चोवीस खांब, प्रत्येक खांबाखाली कोरीव दगडी उथळा. बांबूच्या विणलेल्या कुडावर शेणमाती लिंपून केलेल्या भिंती. चारी बाजूंनी रुंद सपरी, म्हणजे ओसरी, आणि तिच्यावर इतकी खाली उतरलेली कवेलूंची, म्हणजे कौलांची पाखं, की भर चैत्रात आत शिरल्यावर अंगावर गारवा यायचा. जमीनदारी जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटचा जमीनदार चांद्याला राहायला गेला आणि जाताना घर मुलींच्या शाळेला देऊन गेला. शाळा चालवायच्या इंदुताई. मूळच्या वर्ध्याकडच्या, तिशीच्या आतबाहेर, अंगानं काटक. जंगलातल्या गावांमधून गोळा केलेल्या बावीस मुली त्या घरात राहायच्या आणि शिकायच्या.

घराला खोड एकच होतं. ते कललेलं होतं. सगळंच्या सगळं, चोवीसही खांब एकाच दिशेला, दरीकडे. डोक्यावर भारा घेतलेली बाई कमरेत जराशी झुकते, तसं.

त्या दिवशी गुणवंतराव ओव्हरशियर तपासणीला आले होते. त्यांनी मधल्या खांबाला ओळंबा लावला, टेप धरली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सव्वा फूट," ते म्हणाले. माणूस कडक होता, पण मनानं वाईट नव्हता. आवाज त्यांनी मुद्दाम हळू ठेवला. "इंदुताई, एखाद्या पावसाळ्यात हे घर पोरींच्या अंगावर येईल. मला जबाबदारी घेता येणार नाही. पाडावं लागेल."

"आणि मुलींना कुठे ठेवू?" इंदुताईंनी विचारलं.

गुणवंतराव टेप गुंडाळू लागले. नवीन इमारतीला किती वर्षं लागतील, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत! आणि कोणी काही विचारलेलं नसताना, उमाजीची जीभ सुटली.

"पाडाले काऊन पायजे जी? उभं होते न हे!"

शंभर माना त्याच्याकडे वळल्या.

"कसं उभं होईल?" गुणवंतराव म्हणाले.

"कसं म्हणजे? झुकलेल्या माणसाले आपण पाडतो का साहेब? हात देऊन उठवतो."

"तुम्ही घरं बांधता?"

"बांधतो म्हणजे काय! हाच तर धंदा हाय आपला," उमाजी म्हणाला. उभ्या जन्मात त्यानं बकऱ्यांचा एक कोठा बांधला होता, आणि तोही बकऱ्यांना आवडला नव्हता.

गुणवंतरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "ठीक आहे. अक्तीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, मी परत येतो. तेव्हा खांब ओळंब्यात असले, तर कागदावर तसं लिहीन. नसले, तर पाडायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे उमाजीनं गुपचूप पळून जायचं ठरवलं. बैल जुंपले, बंडीत कडबा टाकला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काल खांद्यावरून नेलेली हत्यारांची पिशवी वर सपरीतच राहिली. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट, सगळी रोजीरोटी त्या पिशवीत. शिव्या हासडत तो पहाडी चढला.

वर कोणी नव्हतं. मुली झऱ्यावर गेल्या होत्या. पूर्वेचं ऊन सपरीतून सरळ आत घुसलं होतं आणि एकेक खांब तुपात घोळल्यासारखा चमकत होता. उमाजीनं पिशवी उचलली. निघता निघता, सुताराला खोड असते म्हणून, वाकसाच्या दांड्यानं एका खांबावर ठोकलं. खांब टणकन वाजला. त्यानं दुसऱ्यावर ठोकलं. तोही तसाच. कुठेही पोकळ आवाज नाही, वाळवीचा पत्ता नाही. मग तो पिशवी ठेवून खांबावर चढला आणि तुळईचा सांधा पाहिला.

खिळा नव्हता. त्यानं दुसरा सांधा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्या घरात लोखंडाचा एक खिळा नव्हता. खांबाच्या डोक्याला कुसू, म्हणजे तासलेलं टोक, कुसू तुळईच्या खाचेत, आणि दोहोंच्या मध्ये सागाचीच पाचर ठोकून आवळलेली.

"अरे," उमाजी मोठ्यानं म्हणाला, "हे तर चाक आहे!"

चाकाचा आरा मधल्या तुंब्यात असाच बसतो. आणि चाक वाकडं झालं म्हणून ते कोणी चुलीत घालत नाही. आरे ढिले करायचे, चाक सरळ करायचं, पुन्हा ठोकायचं. हे काम त्यानं बाराव्या वर्षापासून केलं होतं. घर बांधणं त्याला येत नव्हतं ही गोष्ट खरी, पण हे घर त्याला येत होतं.

तो खाली आला आणि बैल सोडून दिले.

पहिला प्रश्न होता, घर कललं कशानं. दरीकडून तिसऱ्या ओळीतल्या खांबांना वरच्या अंगाला तिरप्या खाचा होत्या, रिकाम्या. दुसऱ्या बाजूला अशाच खाचांमध्ये जाड तिरपे हात बसवलेले होते, खांबाला आणि तुळईला काटकोनात धरून ठेवणारे. इकडचे गेले कुठे? हे पत्रूबाबाला माहीत होतं. पत्रूबाबा म्हणजे जमीनदाराचा जुना रखवालदार, सत्तरीचा, तोंडात एक दात आणि तो दाखवायची भारी हौस.

"जमीनदाराचा जवाई आलता," पत्रूबाबा म्हणाला. "लय उंच माणूस. ताडाचं झाड पाह्य. जेवाले बसाले जाये तं डोस्कं आदळे, उठे तं डोस्कं आदळे. तिसऱ्या दिवशी म्हणे, मी बायकोले नांदवत नाई. मंग काय! जमीनदारानं सहाच्या सहा हात काढून टाकले अन् त्याचेच पाट करून जवायाले बसाले देल्ले."

"आणि मुलगी नांदली?" इंदुताईंनी विचारलं.

"नांदली न! आठ लेकरं झाले. घर झुकलं."

उमाजी इतका हसला की त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला.

कामाला अख्खं गाव लागलं. मोहाची फुलं वेचायचे दिवस होते, म्हणून लोक पहाटे मोह वेचत आणि ऊन चढलं की पहाडीवर येत. आधी कवेलू उतरवले. बायकांनी छतापासून अंगणापर्यंत रांग धरली, आणि हातोहात हजारो कवेलू एकही न फुटता खाली आले. एक फुटला, तो उमाजीच्याच हातून. मग भिंतींचा वरचा भाग खरवडून कुड मोकळा केला. नवीन सहा हातांसाठी साग आणला, आणि उमाजीनं ते असे तासले की कोणाचंही डोकं आदळणार नाही, वरच्या बाजूला चढते. सगळीकडून बांबूचे टेकू दिले. आणि मग पाचरी काढल्या.

इथं त्याचं चुकलं. एका खांबाला दोन, अशा अठ्ठेचाळीस पाचरी. प्रत्येक पाचर आपल्याच खाचेच्या मापाची; दुसरीकडे बसायची नाही. उमाजीनं प्रत्येकीवर खडूनं आकडा घातला, तोच खांबावर घातला, आणि पाचरी मोहाच्या टोरीच्या, म्हणजे बियांच्या तेलात भिजत टाकल्या, म्हणजे पुढची शंभर वर्षं कीड लागायला नको. तिसऱ्या दिवशी पाचरी बाहेर काढल्या, तर काळ्याशार, चकचकीत आणि कोऱ्या. तेलानं आकडे खाऊन टाकले होते.

उमाजी अठ्ठेचाळीस पाचरींच्या ढिगापुढे उकिडवा बसला. प्रत्येक पाचर प्रत्येक खाचेत घालून पाहायची, तर अक्ती नव्हे, पोळा आला असता.

सोमारी भिंती लिंपायची माती मळत होती. गोंडांच्या टोल्यावरची, चाळिशीची बाई. तिच्या आईनं आणि आजीनंही याच घराच्या भिंती लिंपल्या होत्या. माखलेल्या पायांनी ती जवळ आली.

"काय झालं सुतारभाऊ? कोनी मेलं का?"

"माही अक्कल मेली, सोमारीबाई. हे पाचरी कोनत्या खांबाच्या, काई समजून नाई राह्यलं."

सोमारीनं एक पाचर उचलली, उन्हाकडे धरून फिरवली. तेलानं लाकडाची शीर न् शीर उठून आली होती, आणि जाड टोकाशी काहीतरी कोरलेलं दिसत होतं. दोन लांबट टिपके शेजारी शेजारी, त्यांच्या मागे दोन लहान.

"हा तं ससा आहे," ती म्हणाली.

"कोनता ससा?"

"सश्याचा पाय. पाह्य न, धावून राह्यला." तिनं दुसरी उचलली. "हे अस्वल. हा चितळ. हे साळिंदर... नाई, थांबा, घोरपड. शेपटी घासत गेली पाह्य." ती एकेक पाचर उचलत होती आणि पाटीवरची अक्षरं वाचावीत तसं धडाधड सांगत होती. वाघ, सांबर, रानडुक्कर, मोर, कोल्हा. प्रत्येक प्राणी दोनदा.

उमाजी धावत जाऊन खांबावर चढला. तुळईखालची दीडशे वर्षांची काजळी त्यानं शेल्यानं खसाखसा पुसली. तिथं सशाची पावलं होती.

त्या दुपारी शाळा बंद राहिली. बावीस मुली ओल्या फडक्यांनी खांब पुसत होत्या आणि सोमारी खालून विचारत होती, "कोन हाय वर?" आणि वरून आवाज येत होते, "वाघ!" "रानकोंबडी!" इंदुताई कमरेला पदर खोचून स्वतः एका खांबावर चढल्या होत्या, आणि त्यांच्या वाट्याला कोल्हा आल्याचं कळल्यावर मुलींना आवरेना. ज्या सुतारानं हे घर बांधलं, त्याला अक्षरओळख नसावी. पण त्याच्या माणसांना जंगल वाचता येत होतं, आणि त्यानं त्याच लिपीत लिहिलं.

तेवीस खांब लागले. चोविसाव्याची खूण मात्र सोमारीला ओळखू येईना. दुभंगलेला खूर होता, पण प्रत्येक अर्ध्यावर चार-चार ठिपके.

"असं जनावर या रानात नाई," ती ठामपणे म्हणाली.

उमाजीनं पाचर हातात घेतली आणि त्याचा चेहरा फुलला. "रानात कुठून राहीन? हा बैल आहे. नाल ठोकलेला! हे नालेचे खिळे." टोल्यावरचे बैल मऊ मातीत चालणारे, त्यांना कधी कोणी नाल ठोकली नव्हती. "हे तुमचं नाई सोमारीबाई, हे आमचं. रस्त्यावरचं."

"एक तरी वाचता आलं तुमाले," सोमारी म्हणाली, आणि पुन्हा मातीकडे गेली.

अक्तीच्या सणाचा दिवस उजाडला. अंबाडीचे आणि माहुलीच्या वेलाच्या सालीचे दोर वळून तयार होते, मनगटाएवढे जाड. पहाडीच्या वरच्या अंगाला चार दोर, प्रत्येकाला वीस-पंचवीस माणसं, बाया-गडी सगळे. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. अशी गंमत कोण सोडतो? गुणवंतराव सकाळीच पोचले आणि सपरीच्या बाहेर, जरा लांबच, उभे राहिले. मधल्या खांबाशी उमाजी ओळंबा लावून बसला. आत थांबू नका, असं इंदुताईंनी त्याला तीनदा सांगितलं.

"चाक ठोकताना मी बाहेर उभा राहीन का बाई?" तो म्हणाला. आणि ओळंब्याची गाठ पुन्हा एकदा आवळली.

पत्रूबाबानं ढोलावर टिपरी मारली. दोर ताणले गेले. माणसं मागे रेलली, पाय मातीत रुतले. घर हललं नाही.

"पुन्हा!" उमाजी ओरडला.

ढोल वाजला. घर कण्हलं, नुसतंच कण्हलं. ओळंब्याची दोरी होती तिथंच होती.

गुणवंतरावांनी चौथ्या दोराकडे पाहिलं. तिथं माणसं कमी होती. त्यांनी कोट काढला, घडी करून दगडावर ठेवला, वर चष्मा ठेवला, आणि जाऊन दोर धरला. त्यांच्या मागे इंदुताई. त्यांच्या मागे बावीस मुली, परकर खोचून, रांगेनं.

तिसऱ्यांदा ढोल वाजला.

आधी आवाज आला, चिखलात बसलेली म्हैस उठताना करते तसा, पोटातून. मग आढ्यातून धूळ सुटली. आढ्याच्या फटींत उरलेल्या वटवाघळांचा थवा भर उन्हात बाहेर पडला आणि गोंधळून परत फटींत शिरला. आणि उमाजीच्या डोळ्यांसमोर ओळंब्याची दोरी खांबाकडे सरकायला लागली. एक वीत. दीड वीत. चार बोटं उरली. दोन.

"बस!" तो ओरडला. "बस झालं, बस!"

पण ढोलापुढे त्याचं कोण ऐकतो! लोकांना घर हलल्याची झिंग चढली होती. घर सरळ झालं आणि थांबलं नाही. दोन बोटं पहाडीकडेच कललं.

"अवो सोडा! उलटं झुकलं!" उमाजी आता बाहेर धावला, हात हलवत. दोर ढिले झाले आणि शंभर माणसं एकावर एक पाठीवर पडली. सगळ्यांत खाली गुणवंतराव. घरानं एक लांब सुस्कारा सोडला, दोन बोटं मागे आलं आणि उभं राहिलं. नीट, ताठ, ओळंब्यात.

कोणी आधी हसायला सुरुवात केली ते सांगता येणार नाही. पडलेली माणसं उठायचं सोडून तशीच हसत राहिली. गुणवंतराव धूळ झटकत उठले, चष्मा लावला, मधल्या खांबापाशी गेले, दोरीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उमाजी, एकूण घरं किती बांधलीत तुम्ही?"

"एक जी," उमाजी म्हणाला. "कोठा. बकऱ्यांचा."

गुणवंतरावांनी कागद काढला आणि तिथंच, वाघाच्या खांबाला टेकून, घर धडधाकट असल्याचं लिहून दिलं.

दिवस मावळायच्या आत सहा नवे हात बसले आणि सशापासून बैलापर्यंत सगळ्या पाचरी आपापल्या घरी गेल्या. शेवटची पाचर सोमारीनं ठोकली.

मग दारं लावायची वेळ आली.

काम करताना दारं काढून बाजूला ठेवली होती. आता पहिलं दार चौकटीत उभं केलं, तर वरच्या कोपऱ्यात तीन बोटं फट आणि खालचा कोपरा उंबऱ्यात अडकलेला. दुसरं लावलं, तेच. स्वयंपाकघराचं तर अर्ध्यावरच अडलं. उमाजीनं डोकं खाजवलं. मग दाराच्या कडेवर बोट फिरवलं आणि मटकन खाली बसला.

"काय झालं भाऊ?" इंदुताईंनी घाबरून विचारलं.

"बाई, घर जसं जसं झुकत गेलं न, तसं तसं लोकांनी दारं तासले. पिढ्यान् पिढ्या. झुकलेल्या घराले सरळ दार कसं बसंन? आता घर सरळ झालं, अन् बाराच्या बारा दारं वाकडे!"

बारा नवीन दारं म्हणजे आणखी महिनाभर काम. कोसमटोल्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

दारांचं तिसरं फळकूट रंधत असताना, एका सकाळी पहाडीच्या वाटेवर रुखमाबाई दिसली. डोक्यावर गाठोडं, हातात काठी, आणि चाल अशी की वाटेतली बकरी आपसूक बाजूला झाली. आठ दिवसांचं सांगून गेलेला नवरा दीड महिना झाला तरी येत नाही, आणि निरोप येतो तो 'घर उठवून राह्यलो' असा. ती आरमोरीहून दोन दिवस बंडीत बसून त्याला जाब विचारायला आली होती.

उमाजी उठून उभा राहिला. रंध्याचं भुसकट त्याच्या मिशीत अडकलेलं.

रुखमाबाईनं गाठोडं सपरीत ठेवलं. घाम पुसला. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खांबांकडे, मग वर, नव्यानं शाकारलेल्या कवेलूंकडे. सपरीतून खालचं सगळं रान दिसत होतं, आणि वारा असा येत होता की तिचा पदर उडाला. ती हळूहळू सगळ्या घराभोवती फिरून आली. सोमारीनं तिच्यासमोर पाण्याचा लोटा धरला. रुखमाबाई पाणी प्याली.

"हे यायनंच केलं?" तिनं सोमारीला विचारलं.

"सगळ्यायनं केलं," सोमारी म्हणाली. "पन सुरू यायनं केलं. त्याईच्या तोंडानं."

"तोंडानंच करंन," रुखमाबाई म्हणाली, पण तिचा राग पहाडी चढतानाच कुठेतरी खाली राहून गेला होता. ती स्वयंपाकघराच्या रिकाम्या चौकटीत जाऊन उभी राहिली. आत इंदुताई बावीस जणींच्या भाताला आधण ठेवत होत्या आणि एक कुत्रं निवांत दारातून येऊन चुलीजवळ पसरलं होतं.

"पहिलं दार कोनतं करून राह्यले?" तिनं विचारलं.

"बैठकीचं," उमाजी म्हणाला. "समोरचं. नक्षीचं."

"नक्षी मंग. आधी हे करा. अन् रुंद करा, डोक्यावर हंडा अन् कमरेवर घागर घेऊन बाई सरळ आत आली पायजे." तिनं कुत्र्याला बाहेर हाकललं, गाठोडं उचलून आत नेलं आणि इंदुताईंच्या हातातलं तांदूळ निवडायचं सूप काढून घेतलं. "सरका बाई. एवढ्या भाताले एवढं आधण पुरते का?"

उमाजीनं नक्षीचं फळकूट भिंतीला लावून ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीचं माप घ्यायला दोरी काढली.